इंजिन किती वेळा बंद पडलं, तेही सांगा: इस्रोला विजयदुर्गहून खुलं पत्र

प्रति,
माननीय अध्यक्ष, इस्रो,
आणि वलियमला व महेंद्रगिरी इथे द्रव इंधनाच्या इंजिनांवर काम करणारे सर्व अभियंते,

स. न. वि. वि.

२१ ऑक्टोबर २०२३, शनिवार सकाळ. माझ्या शेडमध्ये एका ट्रॉलरच्या इंजिनाचं हेड उतरवून ठेवलेलं आणि हाताखालची दोन्ही पोरं काम टाकून मोबाईलला चिकटलेली. गगनयानाची, म्हणजे आपली माणसं अवकाशात नेण्याच्या मोहिमेची, टीव्ही-डी१ ही माणसं न बसवता केलेली चाचणी होती. मोजणी पाच सेकंदांवर आली आणि थांबली. रॉकेट जागचं हललं नाही. "गेली बोंबलत," म्हणून एकाने मोबाईल खिशात टाकला. मी पाना खाली ठेवून टाळी वाजवली. पोरांना वाटलं, म्हातारा चळला.

त्यांना जे सांगितलं तेच तुम्हाला सांगतो. जेटीला बांधलेलं असताना ज्या इंजिनाने आपला बिघाड दाखवला, त्याने सहा-सात घरं वाचवलेली असतात. तुमच्या संगणकाने त्या दिवशी तेच केलं. कारण सापडलं आणि दहा वाजता उड्डाण झालंसुद्धा. एकच विकास इंजिन, वर माणसांची कुपी. बारा किलोमीटरच्या आसपास कुपी सुटी झाली आणि पॅराशूटवर बंगालच्या उपसागरात उतरली. पाण्यात ती पालथी तरंगत होती. पालथ्या होडीचा अर्थ आम्हा बंदरावरच्या लोकांना कुणी समजावून सांगायला नको. कुपी सुलटी करणाऱ्या फुग्यांवर तुमचं काम चालू आहे हे वाचलं, तेव्हा कुठे बरं वाटलं.

मी विजयदुर्गच्या खाडीत बोटींची इंजिनं दुरुस्त करतो. आयटीआयचा डिझेल मेकॅनिक, गावात सगळे मेस्त्री म्हणतात. सध्या मासेमारीची बंदी आहे, बोटी वर ओढून शाकारलेल्या आहेत, पाऊस कोसळतोय, म्हणून लिहायला सवड मिळाली. या मेस्त्रीला रॉकेटचं काय कळतं, असं तुम्हाला वाटलं तर वाटू दे. मलाही पुष्कळ दिवस तसंच वाटायचं.

मग एक दिवस रॉकेलची गंमत कळली. पूर्वी छोट्या होड्यांची रॉकेलवर चालणारी आउटबोर्ड मशीनं मी शेकड्यांनी खोलली आहेत. राकेश शर्मा ज्या सोयुझ रॉकेटवर बसून गेले ते रॉकेलवरच चालायचं, आणि शुभांशु शुक्ला गेले त्या फाल्कन-९ ची नऊ इंजिनंही रॉकेलवरच! जास्त शुद्ध केलेलं खरं, पण जात तीच. आमच्या मशीनला जळणाबरोबर लागणारी हवा फुकट मिळते. वर हवा नाही, म्हणून ऑक्सिजन उणे १८३ अंशांवर पातळ करून टाकीत भरून न्यायचा. एवढाच फरक, असं मी पोरांना सांगतो. पंपाची गोष्ट काढली की मात्र ती गप्प होतात. आमच्या ट्रॉलरचं सहा सिलिंडरचं अख्खं इंजिन शंभर-सव्वाशे हॉर्सपॉवरचं. चंद्रावर माणसं नेणाऱ्या सॅटर्न-५ च्या बुडाला एफ-१ नावाची पाच इंजिनं होती, आणि त्यातल्या एकेका इंजिनाला रॉकेल व ऑक्सिजन नुसता आत ढकलायला ५५ हजार हॉर्सपॉवरचा पंप लागायचा. ढकलायला!

या एफ-१ ने सुरुवातीला अमेरिकेच्या इंजिनवाल्यांना रडवलं होतं. आतली आग एकसारखी जळेना. हिंदकळणाऱ्या बादलीतल्या पाण्यासारखी ती एका कडेवरून दुसऱ्या कडेवर आपटायची आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत इंजिनाच्या चिंधड्या. डिझेल इंजिन ठोकायला लागलं की आम्ही कानाने ओळखतो, चहा संपवून उठलो तरी चालतं. तिथे ऐकायलासुद्धा वेळ नाही. मग त्यांनी काय करावं? चालू इंजिनाच्या पोटात मुद्दाम छोटे बॉम्ब फोडले आणि बिथरलेली आग किती वेळात ताळ्यावर येते ते मोजलं. इंधन फवारणाऱ्या ताटलीवर आडोसे बसवले, भोकांची मापं बदलली, पुन्हा बॉम्ब फोडला. बॉम्ब फुटला तरी आपलं आपण सावरणारं इंजिन हाती येईपर्यंत हे चाललं. किती इंजिनं फुटली आणि का फुटली ते सगळं त्यांनी लिहून उघड्यावर ठेवलं. नाहीतर मला विजयदुर्गात बसून कुठून कळणार होतं?

आता आपल्याकडे येतो. विकास इंजिन मूळचं फ्रान्सच्या व्हायकिंगवरून घेतलेलं. १९७४ च्या करारानंतर नंबी नारायणन आणि त्यांचे सहकारी तिकडे राहून काम शिकून आले. आता ते मुंबईत विक्रोळीला गोदरेजच्या कारखान्यात तयार होतं. त्याला रॉकेल नको आणि ठिणगीही नको. दोन द्रव एकमेकांना भेटले की आपोआप पेट घेतात. स्टार्टर नाही, ग्लो प्लग नाही, मेस्त्रीला याहून सुखाचं काय असणार? (दोन्ही द्रव भयंकर विषारी. आमच्यासारखे कोपरापर्यंत डिझेलने माखलेले हात तिथे चालायचे नाहीत.)

पण याच इंजिनाने माझी झोप उडवली, ती अशी. टीव्ही-डी१ मध्ये विकास जमिनीवर पेटवायचं होतं, म्हणून संगणकाला ऐन वेळी नाही म्हणता आलं. खऱ्या गगनयानाच्या वेळी एलव्हीएम३ हे मोठं रॉकेट जमिनीवरून उठणार ते बाजूच्या दोन एस२०० बूस्टरांच्या जोरावर. त्यात घन इंधन. दिवाळीतल्या बाणाची जात ती, वात पेटली की आपण फक्त बघायचं. मधली दोन विकास इंजिनं पेटणार जवळपास पावणेदोन मिनिटांनी, आभाळात. त्यानंतर आणखी तीनेक मिनिटांनी सीई-२० हे सगळ्यात वरचं इंजिन, हवेच्याही पलीकडे. त्याचा हायड्रोजन उणे २५३ अंशांवरचा. म्हणजे माणसं वर बसलेली असताना यातलं एकही इंजिन जेटीवर किल्ली मारून बघता येणार नाही. पहिली किल्ली थेट खोल समुद्रात.

ही रचना चुकीची आहे असं मी म्हणत नाही, तेवढी माझी पायरी नाही. याच रॉकेटने चांद्रयान-२ आणि ३ पृथ्वीभोवतीच्या कक्षेत सुखरूप पोचतं केलं. काही बिनसलंच तर कुपी ओढून बाजूला नेणारी व्यवस्थाही आहे, ती तर त्या शनिवारी आम्ही डोळ्यांनी पाहिली. पण जेटीवरची किल्ली नाही म्हटल्यावर भरवसा ठेवायचा तो महेंद्रगिरीच्या स्टँडवर जे घडलं त्याच्यावर. आणि तिथे काय घडलं ते आम्हाला अर्धंच कळतं.

हे माझ्या लक्षात आलं नव्हतं, नातीच्या आलं. ती दहावीला आहे. सीई-२० माणसं न्यायला पात्र ठरल्याची फेब्रुवारी २०२४ ची बातमी तिने मला वाचून दाखवली. चार इंजिनं, ३९ चाचण्या, एकूण जळण ८,८१० सेकंद, हवे होते किमान ६,३५०. मी खूश झालो. ती म्हणाली, "आजोबा, एकोणचाळीसमध्ये मधेच बंद किती वेळा पडलं?" तिने बातमी पुन्हा वाचली. त्यात ते नव्हतं. "नसेल पडलं," मी म्हटलं. तर म्हणते, "तुमच्याकडे कोण असं म्हणत आलं तर तुम्ही त्याला काय सांगता?"

काय सांगतो ते तिला पाठ आहे. न बिघडलेलं इंजिन आणलंय म्हणणाऱ्याला मी आधी विचारतो, वापरलंय का कधी?

१२ डिसेंबर १९६५ ची एक गोष्ट तुम्हाला माहीत असणारच, पण हे पत्र इतरही वाचतील म्हणून सांगतो. अमेरिकेच्या जेमिनी-६ यानात शिर्रा आणि स्टॅफर्ड हे अंतराळवीर बसलेले. खाली टायटन-२ रॉकेट, त्याचं इंधन आपल्या विकासच्या भाऊबंदांपैकीच. इंजिनं पेटली आणि दीडेक सेकंदात विझली. यानातलं घड्याळ मात्र चालू झालेलं, म्हणजे घड्याळाच्या हिशोबाने रॉकेट उठलेलं. नियम असा की अशा वेळी खुर्चीसकट बाहेर उडी घ्यायची. शिर्राच्या बुडाला हालचाल जाणवली नाही, म्हणून त्याने कडी ओढली नाही. बसून राहिला. कारण निघालं शेपटीकडचा एक प्लग वेळेआधी निसटल्याचं. प्रकरण तिथेच मिटलं असतं. पण आकडे तपासणाऱ्या कुणाच्या तरी नजरेला आलं की एका इंजिनाचा जोर प्लग निसटण्याच्या आधीच पडू लागला होता. उघडून बघतात तर आत प्लास्टिकचं टोपण! काही महिन्यांपूर्वी साफसफाई करताना धूळ जाऊ नये म्हणून लावलेलं आणि काढायचं राहिलेलं. म्हणजे प्लग निसटला नसता तरी ते इंजिन पुढे टिकणार नव्हतंच. टोपण काढलं आणि तीन दिवसांनी ते दोघे उडाले.

हे वाचलं त्या रात्री मी जेवलो नाही. कारण ते टोपण माझं होतं.

नारळी पौर्णिमेनंतरची पहिली फेरी, बरीच वर्षं झाली. एका ट्रॉलरचा डिझेल फिल्टर बदलताना टाकीकडून येणाऱ्या पाइपच्या तोंडात मी चिंधीचा बोळा कोंबला, कचरा जाऊ नये म्हणून. तेवढ्यात कुणीतरी हाक मारली. परत येऊन फिल्टर बसवला, नट आवळले. जेटीला बांधून तासभर इंजिन चालवलं, घड्याळासारखं चाललं, कारण बोळ्याच्या कडेने डिझेल येत होतं. बोट बाहेर गेली, लाटांवर आपटायला लागली तसा बोळा सरकत सरकत पाइपच्या वाकणात जाऊन बसला. काळोख पडताना इंजिन गेलं. सात माणसं. हवा काढून बघितली, नोजल बघितले, काही सापडेना. रात्री दोन वाजता दुसऱ्या एका बोटीने दोर लावून ओढत आणली. सकाळी मी पाइप खोलला आणि काळा, डिझेल प्यालेला, अंगठ्याएवढा बोळा माझ्या हातात आला. आजूबाजूला कोणी नव्हतं. खिशात घातला असता तर कुणाला कळलंही नसतं.

तांडेलाच्या, म्हणजे बोट चालवणाऱ्या म्होरक्याच्या, घरी जाऊन त्याच्यासमोर ठेवला. त्याने मला ज्या शिव्या दिल्या त्या इथे लिहिण्यासारख्या नाहीत. पुढच्या वर्षी बंदीत त्याचीच बोट सगळ्यात आधी माझ्याकडे आली. मी काही विचारायच्या आत म्हणाला, "आपणहून सांगलंस म्हणान इलंय. नायतर देवगडाक मेस्त्री कमी आसत काय?"

तुम्हालाही हे जमतं, मी पाहिलंय. जुलै २००६ मध्ये जीएसएलव्ही-एफ०२ रॉकेट उडता उडता पडलं. बाजूच्या चार द्रव इंजिनांपैकी एकाचा जोर उड्डाणाबरोबरच गेला होता, आणि ती चारही इंजिनं विकासच. दोन महिन्यांत तुम्ही सांगून टाकलंत की गॅस जनरेटरच्या एका रेग्युलेटरमध्ये घडवतानाच चूक राहिली होती आणि ती पुढच्या तपासणीतूनही निसटली. तपासणीतूनही निसटली, हे सांगायला छाती लागते. १ जुलै २०२३ ला महेंद्रगिरीला सेमीक्रायो इंजिनाची, म्हणजे आपल्या घरच्या रॉकेलच्या इंजिनाची चाचणी साडेचार सेकंदांची होती, ती १.९ सेकंदांतच थांबवली. टर्बाइनचा दाब अचानक उसळला आणि फेरे पडले, हे तुम्हीच लिहिलंत. म्हणून तर २८ मार्च २०२५ ला तेच इंजिन अडीच सेकंद नीट पेटलं तेव्हा शेडमध्ये आम्ही जिलबी आणली. १.९ सेकंद माहीत नसते तर अडीच सेकंदांचं कसलं कौतुक?

आणि मग १५ जुलै २०१९ ची पहाट. चांद्रयान-२ चं उड्डाण ५६ मिनिटं आधी थांबवलंत. थांबवलंत ते उत्तमच. पण तुमच्याकडून शब्द आले फक्त "तांत्रिक अडचण". हेलियम गळत होता हे आम्ही पेपरात सूत्रांच्या हवाल्याने वाचलं.

हेलियमचं नाव निघालं की आमच्या गावाचे कान टवकारतात. इथे किल्ल्यावर साहेबाचे ओटे आहेत. १८ ऑगस्ट १८६८ चं खग्रास ग्रहण त्यांवरून पाहिलं आणि हेलियम सापडला, असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. दर १८ ऑगस्टला हेलियम दिवसही होतो. जाणकार म्हणतात, ज्यांच्या नावावर हा शोध आहे त्यांपैकी जान्सेन साहेब त्या ग्रहणाला गुंटूरला होते आणि लॉकियर साहेब इंग्लंडात. असतीलही. आम्ही ओटे झाडायचे थांबलेलो नाही. पण जो वायू रॉकेटच्या टाक्यांत दाब धरून ठेवतो, तो गळाल्याची बातमी निदान विजयदुर्गाला तरी सरळ कळवायची होतीत!

दुसऱ्याच्या इंजिनाबद्दल तुम्ही किती चोख असता ते जून २०२५ मध्ये साऱ्या देशाने पाहिलं. शुभांशु शुक्लांच्या फाल्कन-९ मध्ये द्रव ऑक्सिजनची गळती आढळली. गळती नीट करा, थंड अवस्थेत पुन्हा तपासा, मगच आमचा माणूस बसेल, असं तुम्ही तिथे बसून सांगितलंत आणि ते जाहीरही केलंत. अभिमान वाटला. तोच काटा घरच्या वजनालाही लावा, एवढंच माझं म्हणणं आहे.

सांगितलं नाही तर काय होतं, त्याचं उदाहरण राकेश शर्मांच्या शेजारच्या खुर्चीत आहे. एप्रिल १९८४ मध्ये ते गेले तेव्हा आम्ही रेडिओला कान लावून होतो. त्यांच्या सोबतच्या दोघांत गेन्नादी स्त्रेकालोव्ह होते. जेमतेम सहा महिने आधी, २६ सप्टेंबर १९८३ ला, हेच स्त्रेकालोव्ह सोयुझमध्ये बसलेले असताना एका व्हॉल्व्हने दगा दिला आणि उड्डाणतळावरच रॉकेटने पेट घेतला. सुटकेच्या रॉकेटने कुपी वर खेचून नेली आणि काही सेकंदांत खाली सगळ्याचा स्फोट झाला. तशाच रॉकेटवर तो माणूस पुन्हा जाऊन बसला, शेजारी आपला राकेश. सोव्हिएत सरकारने तेव्हा लोकांना हे कळू दिलं नाही. मला हे कळलं तोवर माझे केस पिकले होते. आधी कळतं तर स्त्रेकालोव्हचंही नाव आम्ही पोरांना शिकवलं असतं.

मागणं छोटं आहे. माणसासाठी म्हणून जे जे इंजिन तुम्ही पात्र ठरवता, मग ते विकास असो, सीई-२० असो की कुपीच्या मागच्या भागातली ४४० न्यूटनची लहान इंजिनं असोत, त्याचा जमाखर्च उघडा ठेवा. किती वेळा पेटवलं, किती वेळा मधेच थांबवावं लागलं, कशामुळे, आणि पुढच्या वेळी काय बदललं. आकृत्या नकोत, मापं नकोत, देशाची गुपितं तुमच्यापाशीच राहू देत. इंजिनामागे दोन पानं पुरतील. मराठीत द्या, तमिळमध्ये द्या, मल्याळममध्ये द्या. माणसं न बसवता उड्डाणं होतील त्यांच्यानंतरही तसंच करा, मग ते उड्डाण चांगलं होवो की वाईट. "तांत्रिक अडचण" हे दोन शब्द तेवढे बाद करून टाका. आमच्याकडे खोटा मेस्त्रीही तेच म्हणतो.

नमुना हवा असेल तर माझ्याकडे आहे. शेडमधल्या फळीवर प्रत्येक बोटीची एक वही ठेवलेली असते. तारीख, काय बिघडलं, कोणी खोललं, काय टाकलं. बोटीचा मालक, तांडेल, खलाशी, कोणीही येऊन वाचावी, विचारायची गरज नाही. बोळ्याचं पान त्यात आहे, "चूक मेस्त्रीची" असं लाल पेनाने लिहिलेलं, आणि खाली तांडेलाची सही. त्या पानाची झेरॉक्स पत्रासोबत जोडली आहे. मधोमध जो काळा डाग दिसतो तो बोळ्याचा आहे, झेरॉक्सवाल्याला दोष देऊ नये.

आपला,
एक इंजिन मेस्त्री
विजयदुर्ग, ता. देवगड, जि. सिंधुदुर्ग